पेटीचे ओझे

आज जी पेटी जिन्याने चढवताना वादकाला दोनदा थांबावे लागते, तिचा पूर्वज दोन तळव्यांत मावत होता. चीनमधल्या शंग या प्राचीन वाद्यात बांबूच्या नळ्यांच्या बुडाशी एक पातळ पट्टी बसवलेली असते. फुंकर लागली की ती आपल्या खाचेत मोकळी थरथरते आणि सूर निघतो. युरोपात 1780 च्या सुमारास क्रिस्टियान क्राट्झेनस्टाइन या शास्त्रज्ञाने माणसाच्या स्वरोच्चारांची नक्कल करणारे यंत्र याच तत्त्वावर केले. 1810 मध्ये गाब्रिएल जोसेफ ग्रेन्ये यांनी फ्रान्समध्ये या पट्ट्यांचा ऑर्गन बांधला. चर्चमधल्या जुन्या ऑर्गनमध्ये सुराची उंची नळीच्या लांबीवर ठरते, म्हणून तो इमारतीचाच भाग होऊन बसे. मोकळ्या पट्टीला नळीची गरज उरली नाही, आणि ऑर्गन भिंतीपासून सुटला. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेँ यांनी 1840 च्या दशकात ज्या हार्मोनियमचे पेटंट घेतले, ते असे सुटे वाद्य होते. मात्र ते लाकडी कपाटाएवढे होते आणि पायांनी भाता मारून वाजवायचे होते. पुढे धर्मप्रसारकांना रस्त्यावर भजने म्हणायची होती, म्हणून शिकागोच्या पीटर बिलहॉर्न यांनी 1880 च्या दशकात घडी घालून पेटीसारखा उचलता येणारा ऑर्गन बनवला.

याच दशकात आपण कलकत्त्याला येतो. द्वारकानाथ घोष यांनी 1875 मध्ये तिथे वाद्यांचे दुकान काढले होते. परदेशी हार्मोनियमचे पाय काढून, भाता मागच्या बाजूला आणून त्यांनी हातपेटी घडवली. तिच्यासाठी 1884 हे साल सांगितले जाते. आपला वादक सतरंजीवर गायकाच्या बाजूला बसतो, त्याला खुर्चीच्या उंचीचे वाद्य सोयीचे नव्हते. पण या सोयीची किंमत मोठी होती. पायपेटीत दोन्ही हात वाजवायच्या पट्ट्यांवर मोकळे असत. हातपेटीत डावा हात भात्याला गेला आणि वाजवायला एक उजवाच राहिला. युरोपीय संगीतात ही उणीव चालली नसती. आपल्या गाण्यात एका वेळी एकच स्वररेषा चालते, त्यामुळे एका हाताची पेटी इथे रुजली. वजन कमी करण्याच्या खटपटीतून वादनाची एक स्वतंत्र शैली जन्मली, असे मला ठामपणे वाटते.

महाराष्ट्रात मात्र जड वाद्याने बराच काळ राज्य केले. 1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे या रंगभूमीवर पायपेटी आणि ऑर्गन स्थिरावले. माइक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत भरदार, अखंड सूर पोहोचवायला त्यांच्यासारखे दुसरे वाद्य नव्हते. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे हे त्या काळातले सर्वांत मोठे पेटीवादक. ते गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसत, 1911 च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच, आणि 1913 मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस या नटांबरोबर गंधर्व नाटक मंडळी स्थापण्यातही ते होते. या मंडळीच्या ऑर्गनवर पुढे हरिभाऊ देशपांडे बसत, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष. कंपनीचे बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावी हले तेव्हा पडदे, पेटारे, भांडीकुंडी यांच्याबरोबर ऑर्गनही रेल्वेने आणि बैलगाडीने जाई. तो उचलायला कंपनीची माणसे असत. वादकाने गावात पोचून सूर धरायचा, एवढेच त्याचे काम.

ही व्यवस्था बोलपटाने मोडली. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. त्यात हरिश्चंद्र झाले होते खुद्द टेंबे, आणि संगीतही त्यांचेच होते. नाटक मंडळ्या एकेक करून विसकटल्या आणि कंपनीचा वादक एकटा मैफलींच्या गावांना निघाला. आता वाद्य त्याच्या स्वतःच्या खांद्यावर आले. त्यात 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. तिच्या ठरावीक स्वरांत श्रुती आणि मींड येत नाही, हा आक्षेप होता. बंदी 1971 मध्ये सैल होईपर्यंत तीन दशके रेडिओबाहेरच्या कार्यक्रमांवरच पेटीवादकाला जगावे लागले, म्हणजे भजन, कीर्तन, नाट्यसंगीत, लावणी आणि गावोगावचा प्रवास.

विसाव्या शतकातच वजन पुन्हा वाढले, हे या प्रवासातले सर्वांत विलक्षण वळण. एक गायक काळी एक, दुसरी गायिका काळी चार. प्रत्येकाच्या पट्टीत बोटांची सवय न मोडता वाजवता यावे म्हणून पट्ट्यांचा सबंध संचच डावीउजवीकडे सरकवण्याची युक्ती आली, तीच स्केलचेंजर. तिच्याबरोबर सुरांचे जादा संच आणि एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच सूर वाजवणारे कपलरही आले. साधी पेटी 10 किलोच्या आसपास भरते, तर चांगली स्केलचेंजर 15 किलोंच्याही पुढे जाते. मग कारागिरांनी वाद्य खोक्यात खाली बसवून वर झाकण लावायची घडीची पेटी केली. सुटकेससारखी ती उचलता येते, पण वजन तेच. तानपुऱ्याचे नशीब वेगळे निघाले. मिरजेत बनलेल्या तानपुऱ्याच्या भोपळ्याला प्रवासात तडा जाण्याची धास्ती असे. 1979 मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, आणि आज तो मोबाइलमध्येही मावतो. पेटीला अशी सूट मिळाली नाही, आणि मिळू नये असेच मी म्हणेन. भात्यावरच्या हाताचा दाब कमीजास्त होतो, त्यातच साथीचा श्वास असतो.

म्हणून संयोजकांना एक विनंती आहे. कंपनीची माणसे आता नाहीत, आणि तबला-डग्गा किंवा पेटी घेऊन लोकलच्या मालडब्यातून येणारा साथीदार बहुधा एकटाच असतो. कार्यक्रम ठरवताना मानधनाबरोबर गाडीची सोय करा, सभागृह वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का ते आधी कळवा, आणि दाराशी एक माणूस उभा ठेवा.