दुधाला जाळी होती...

मेहरूणच्या घरातलं जाळीचं कपाट यंदा भंगारात द्यायचं ठरलंय. तुम्हा भावंडांना आठवत असेल, दूध, लोणी, रात्रीचं उरलेलं भरीत, सगळं त्यातच असायचं. फ्रीज आल्यावर त्यात रद्दी जाऊन बसली. काल ते पुसता पुसता एक गोष्ट लक्षात आली आणि जरा लाजच वाटली. आपल्या घरात दुधाला जाळी होती, माणसांना नव्हती!

माशी वाईट, हे आजीला पक्कं ठाऊक होतं. डासाचं तसं नव्हतं. आणि एकटी आजीच कशाला? हिवताप दूषित हवेमुळे होतो, असं शतकानुशतकं मोठमोठे डॉक्टरही मानत. मलेरिया शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. पण लोकांना पटायला हवं ना! म्हणून १९०० साली लो आणि सॅम्बन हे दोन डॉक्टर ऐन तापाच्या मोसमात रोमजवळ ऑस्टियाच्या दलदलीत एका झोपडीत जाऊन राहिले. दारं-खिडक्यांना तारेची विणलेली जाळी. क्विनीन नाही. नियम एकच, सूर्य मावळायच्या आत घरात, उजाडल्यावर बाहेर. आजूबाजूला माणसं तापाने फणफणत होती, हे मात्र ठणठणीत! वाईट हवा तर जाळीतून आत येतच होती की.

हे जगाला कळून नव्वद वर्षं होत आली, तरी तलावाजवळच्या आपल्या घराच्या खिडक्या उघड्याच होत्या. धाकट्याला हिवताप झाला, हुडहुडीने त्याची खाट हलायला लागली, तेव्हा कुठे बाबांनी जाळी आणली. ती इंचाला किती भोकं यावर मागायची असते, हेही तेव्हाच कळलं. डासासाठी सोळा किंवा अठरा.

आता डेंग्यूचा डास दिवसाढवळ्या चावतो, त्यामुळे ऑस्टियाचा नियम पुरत नाही. खिडकीची जाळी दिवसाही लावलेली हवी, पाण्याचा ड्रम झाकलेला हवा.

असो. कपाट कुणाला हवं असेल तर रविवारच्या आत फोन करा. मागच्या खोलीतल्या खिडकीच्या जाळीला कोपऱ्यात बोटभर भोक पडलंय. ते मात्र मी आजच तारेने शिवून टाकतोय.