बावीस गोण्या कुठे गेल्या?

मंडळी, मागच्या रविवारी आपल्या नायगावात सफाई मोहीम झाली. बीडीडी चाळींच्या आजूबाजूला पोरांनी दोन तासांत बावीस गोण्या भरल्या. फोटो झाले, वडापाव झाला (त्याचे कागदही शेवटी गोणीतच). मग कचऱ्याची गाडी आली आणि सगळं एकत्र घेऊन गेली.

कोपऱ्यावर भंगार वेचणाऱ्या एक मावशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "ओलं-सुकं एकत्र का कोंबलंत? यातलं बरंच विकलं गेलं असतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोहीम आखणाऱ्यांत मीही होतो.

कचरा नजरेआड झाला की काम संपलं, ही आपल्या शहराची जुनी सवय. 1896 ला प्लेग आला, लोक गावाकडे पळत सुटले. तेव्हा पालिकेला खरी धास्ती होती ती सफाई कामगार निघून जातील याची. ते गेले तर शहर टिकणार नाही, हे गोऱ्या साहेबालाही कळत होतं. 1898 ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रस्ते रुंद झाले, दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या गेल्या. आणि कचरा? त्याच्यासाठी चक्क रेल्वे! 1906 साली कुर्ला ते चेंबूर रूळ टाकले गेले ते कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांची गाडी तिथं 1924 ला सुरू झाली. हार्बरने चेंबूरला जाताना आठवा कधीतरी. 1927 पासून देवनारचं डम्पिंग. कचरा आपला, वास गोवंडी-देवनारकरांना. जानेवारी 2016 मध्ये तो डोंगर पेटला, तेव्हा धुरामुळे तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

मग इतकी वर्षं या शहरात रिसायकलिंग कोण करत होतं? रद्दीवाले, भंगारवाले आणि या मावशींसारख्या बायका. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं इकडे आली, बहुतेक दलित समाजातली. बायकांच्या हाती पडलं ते कचराकुंडीतलं काम. पगार नाही, सुट्टी नाही, वर चोर समजून हाकलणं. पुण्यात 1993 ला डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. मुंबईत ज्योती म्हापसेकर आणि त्यांच्या स्त्री मुक्ती संघटनेने 1998 पासून 'परिसर विकास' सुरू केलं. ओळखपत्रं, बचतगट, खत आणि बायोगॅसचं प्रशिक्षण. कचरावालीची 'परिसर भगिनी' झाली. नुसतं नाव बदललं म्हणू नका. ओळखपत्र गळ्यात असलं की सोसायटीचा वॉचमन गेटवर अडवत नाही.

या बायकांना जे पाठ आहे ते आपल्याला मोहिमेत सुचत नाही. धुतलेली दुधाची पिशवी विकते. रस्सा सांडलेला पुठ्ठा विकत नाही. पाण्याची बाटली, पत्रा, काच जातं. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला भंगारवाला हात लावत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. आणि एक खरकटी पिशवी गोणीत फुटली की अख्ख्या गोणीतला कागद गेला.

येत्या रविवारी सकाळी सातला परत जमतोय. गोण्या वेगवेगळ्या: बाटल्या-प्लास्टिक, कागद-पुठ्ठा, काच-पत्रा, ओलं वेगळं. मावशींना बोलावलंय. वेचायला नाही, काय कुठे टाकायचं ते पोरांना सांगायला. विक्रीचे पैसे त्यांचे, हे मंडळाने मान्य केलंय.

हातमोजे आणा. नाश्ता घरूनच करून या.