रौप्यसेवनाचा निळा वारसा

चांदी आणि चंद्र यांचे नाते युरोपातील किमयागारांनी इतके दृढ मानले होते, की त्यांच्या सांकेतिक लिपीत या धातूचे चिन्हच मुळी चंद्रकोर होते; आणि अपस्मारासारख्या ज्या व्याधी चंद्राच्या कलांबरोबर वाढतात व ओसरतात अशी त्या काळची समजूत होती, त्यांच्यावर चांदीचाच उतारा चालावा, हा तर्क त्यांना स्वाभाविक वाटला. या तर्काच्या आधाराने चांदी नत्राम्लात विरघळवून केलेला काडीखार, म्हणजेच सिल्व्हर नायट्रेट, व्रण जाळण्यापुरता न राहता औषध म्हणून पोटातही जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकात चंद्राची उपपत्ती कोणी गंभीरपणे सांगत नव्हते. परंतु तिच्यावर उभारलेला उपचार मात्र वैद्यांच्या दप्तरी कायम राहिला, आणि अपस्माराचे रोगी महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, काडीखाराच्या गोळ्या घेत राहिले.

त्या रोग्यांच्या नखांच्या मुळाशी आणि हिरड्यांवर प्रथम एक राखी छटा दिसू लागे. पुढे कपाळ, गाल, मान, हात असा जो जो भाग उन्हात उघडा राहतो तो तो करडा आणि निळसर होत जाई, आणि एकदा चढलेला हा रंग औषध थांबवल्यानेही उतरत नसे. 1840 च्या सुमारास या विकृतीला ‘अर्जिरिया’ असे नावही मिळाले. म्हणजे हे संकट कोणा एका काळी अकस्मात उद्भवले आणि लोक बेसावध सापडले, असे मुळीच नव्हे. गेली पावणेदोनशे वर्षे ते नावानिशी वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहे.

त्याचे कारणही गूढ नाही. काडीखाराची पूड उन्हात काळी पडते, ही नोंद आंजेलो साला या इटालियन वैद्याने 1614 सालीच करून ठेवली होती, आणि रौप्यक्षारांच्या याच प्रकाशभीरू स्वभावावर 1839 नंतर छायाचित्रणाची कला उभी राहिली. मनुष्याच्या त्वचेत घडते ते याहून फारसे वेगळे नाही. पोटात गेलेल्या चांदीचा बराचसा अंश मळावाटे निघून जातो; जो रक्तात शोषला जातो, तो प्रथिनांना चिकटून अंतस्त्वचेत, विशेषतः घर्मग्रंथींच्या भोवती, साठतो; तेथे पोहोचणारा प्रकाश त्याला धातुरूप देतो, आणि गंधकाशी संयोग होऊन तो तेथेच स्थिर होतो. वस्त्राखाली झाकलेली त्वचा म्हणूनच कमी बिघडते, आणि लपवता न येणारा चेहराच सर्वांत अधिक नासतो.

चांदीचे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल. लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी 1880 साली नवजात अर्भकांच्या डोळ्यांत काडीखाराच्या दोन टक्के द्रावाचा थेंब घालण्याचा प्रघात सुरू केला, आणि जन्मतः मातेकडून लागणाऱ्या ज्या नेत्ररोगाने त्यांच्या प्रसूतिगृहात दर शंभर बालकांपैकी दहांच्या घरात बालके ग्रासली जात, त्याचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. जगभर असंख्य मुलांची दृष्टी या एका थेंबाने वाचवली. पण तो थेंब एकदाच, बाहेरून आणि जाणत्या हातांनी घातलेला होता. त्याची पुण्याई पुढे रोज प्राशन करावयाच्या द्रवांच्या पदरात घालण्यात आली, ही मला या इतिहासातील सर्वांत खेदाची बाब वाटते.

क्रेडे यांचेच पुत्र बेनो यांनी 1897 च्या सुमारास चांदीचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत ठेवलेले कोलॉइडी रौप्य वैद्यकात आणले. पाठोपाठ अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट बार्न्स यांनी हेर्मान हिल्ले या जर्मन रसायनज्ञाच्या साहाय्याने चांदी आणि प्रथिन यांचे ‘आर्जिरॉल’ सिद्ध केले. ते काडीखारासारखे जाळत नसे, हा त्याचा खरा गुण होता. परंतु जे झोंबत नाही ते निरुपद्रवी, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला, आणि डोळ्यांसाठी केलेली रौप्यौषधे साध्या सर्दीपडशातही वर्षानुवर्षे नाकात सोडली जाऊ लागली. बार्न्स यांनी 1929 साली, शेअरबाजार कोसळण्याच्या थोडे आधी, आपला कारखाना विकला. त्यांच्या संपत्तीतून जमलेली रेन्वार, सेझान आणि मातीस यांची चित्रे आजही रसिक श्रद्धेने पाहतात. पुढे 1935 साली गॉल आणि स्टॉड या अमेरिकन डॉक्टरांनी सेंद्रिय व कोलॉइडी रौप्यौषधांनी सर्वांग निळावलेल्या सत्तर रोग्यांचा तपशील प्रसिद्ध केला, आणि 1939 साली हिल व पिल्सबरी यांनी या एकाच विकृतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रूप बदलले म्हणून धातूचा धर्म बदलत नाही, हे त्या दप्तरांतून निर्विवाद सिद्ध झाले होते.

प्रतिजैविके आली आणि पोटात घ्यावयाची चांदी मागे पडली. भाजलेल्या जखमांवरील मलमांत मात्र तिने योग्य जागा मिळवली. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तिचे पुनरुज्जीवन झाले. बॅटरीला चांदीच्या तारा जोडून लोक घरोघरी रौप्यजल करू लागले. सन 2000 च्या संभाव्य संगणकीय गोंधळात प्रतिजैविके मिळेनाशी होतील, या भयाने मोंटाना राज्यातील एका राजकारण्याने असे पाणी प्यावयास घेतले, आणि 2002 साली सिनेटच्या निवडणुकीला तो उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा निळा-करडा झालेला होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1999 सालीच नियम करून, चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या कोणत्याही रौप्यौषधाची सुरक्षितता व उपयुक्तता मान्य नसल्याचे जाहीर केले होते. परंतु पूरक आहाराच्या नावाखाली विक्री चालूच राहिली, आणि मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीत खोटे दावे करणाऱ्या विक्रेत्यांना जी ताकीदपत्रे गेली, त्यांत चांदीचे द्रव विकणारेही होते.

आपल्याकडेही अशा बाटल्या आता घरपोच मिळतात. पोटात घेतलेल्या रौप्यजलाने कोणताही रोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि त्वचेत बसलेली चांदी काढणारे औषध नाही; लेसरने काही रोग्यांचा रंग फिका करता आला आहे, एवढेच. घरात कोणी ते घेत असेल, तर चेहऱ्यावर छटा उमटण्याची वाट न पाहता त्याला आजच थांबवावे आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे, ही माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे.