वृत्तपत्रविद्या : छापखान्यातून विद्यापीठात



कुर्डुवाडीच्या मंडळींपुढे वर्तमानपत्रांविषयी बोलावयाचे म्हणजे रुळांपासूनच सुरुवात करावी लागते. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी येथून बार्शीपर्यंत धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपुरास गेली, १९११ मध्ये निजामाच्या मुलखात लातुरास पोहोचली आणि १९२७ मध्ये मिरजेस. या स्टेशनाला त्या काळी बार्शी रोड म्हणत. मुंबई-पुण्याकडून रेल्वेने येणारे टपाल येथे मोठ्या गाडीतून उतरावे आणि धाकट्या गाडीत चढावे असा क्रम होता. त्या टपालात मनिऑर्डरी आणि कार्डे असत तशी वर्तमानपत्रेही असत. अर्थात छापील मजकूर येथे येई आणि येथून चहू दिशांस जाई. पण येथली बातमी उलट दिशेने किती गेली, आणि ती लिहिणाऱ्या माणसास लिहावयास कोणी शिकविले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी वडीलधारी माणसे माझ्याहून चांगले देतील. दुसऱ्याचा इतिहास मात्र सांगण्यासारखा आहे.

आपल्याकडे एक समजूत फार दिवसांची आहे की संपादक हा जन्मावा लागतो, तो वर्गात बसवून घडविता येत नाही. या समजुतीला आधार आमच्या थोर संपादकांचाच दिला जातो. वस्तुतः ही सर्व मंडळी त्या काळच्या मानाने अत्यंत सुशिक्षित होती. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते. पण तेवढ्या वयात त्यांचा अनेक भाषांचा आणि शास्त्रांचा व्यासंग झालेला होता, आणि पुढे एल्फिन्स्टनमध्ये ते अध्यापक झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर बी. ए., टिळक बी. ए., एलएल. बी., आगरकर एम. ए., ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे एम. ए. एम. ए. झालेला संपादक ही मराठीत नवलाची वस्तू कधीच नव्हती. नवीन आहे ती कल्पना एवढीच, की एम. ए. ज्या विषयाचे करावयाचे तो विषय स्वतः वृत्तपत्रच असावा.

मग या विद्वानांचे शिक्षण त्यांच्या धंद्यास पुरेसे पडले काय? मला येथे कोल्हापूर प्रकरणाची आठवण द्यावीशी वाटते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली. कोल्हापूरचे छत्रपती शिवाजीराव यांचा छळ होत आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशी बोलवा तेव्हा उठली होती. या पत्रांत त्याविषयी कडक लिखाण आले, आणि बर्व्यांच्या म्हणून जी पत्रे पुराव्यादाखल हाती आली होती त्यांवर विश्वास ठेवण्यात आला. पुढे ती पत्रे बनावट ठरली. अब्रुनुकसानीचा खटला झाला, माफी मागूनही उपयोग झाला नाही, आणि १८८२ च्या जुलैत टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांतील १०१ दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर लिहिलेले पुस्तक प्रसिद्धच आहे.

या प्रसंगाकडे आपण बहुधा देशभक्तीच्या अंगाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. दोघांचा हेतू निर्मळ होता, त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि सुटून आल्यावर लोकांनी त्यांचा सत्कार केला हेही खरे. परंतु धंद्याच्या अंगाने पाहिले तर काय दिसते? एक कायद्याचा पदवीधर आणि एक एम. ए. असे दोन कुशाग्र बुद्धीचे तरुण. दोघांच्याही शिक्षणात हाती आलेला कागद खरा की खोटा हे छापण्यापूर्वी कसे पारखावे, हा धडा नव्हता. तो धडा तेव्हा जगात कोठेच शिकविला जात नव्हता. वृत्तपत्रविद्येच्या कोणत्याही मराठी वर्गात पहिल्या आठवड्यात हे प्रकरण मूळ कागदांसह वाचावयास लावावे, असे माझे मत आहे. टिळक-आगरकरांचा मान त्यामुळे रतिभरही कमी होत नाही. आज दूरध्वनीवरून क्षणात फिरणारी खोटी पत्रे आणि बनावट छायाचित्रे पाहिली, म्हणजे १८८२ चा हा धडा जुना झाला असे कोण म्हणेल?

आता अमेरिकेकडे वळू, कारण ही विद्या विद्यापीठात प्रथम नीट रुजली ती तेथे. मिसुरी विद्यापीठात १९०८ साली वॉल्टर विल्यम्स यांनी वृत्तपत्रविद्येची शाळा काढली. गंमत अशी की विल्यम्स स्वतः कधी कॉलेजात गेलेले नव्हते. छापखान्यात उमेदवारी करून ते वर आले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठास अशा शाळेसाठी वीस लक्ष डॉलर देऊ करणारे जोसेफ पुलित्झर हेही हंगेरीतून आलेले, पदवी नसलेले गृहस्थ. उपजत संपादकाचा आक्षेप त्यांच्याही पुढे आला होता, आणि १९०४ मध्ये एक दीर्घ लेख लिहून त्यांनी तो खोडून काढला. शाळा उघडली १९१२ साली. पुलित्झर आदल्या वर्षीच वारले होते. १९३५ पासून ती केवळ पदवीधरांसाठी ठेवण्यात आली. ज्यांना स्वतःला वर्ग मिळाला नाही त्यांनीच वर्गाचा आग्रह धरावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. हातात हत्यार घेऊन शिकलेल्या माणसास आपण शिकताना काय काय बिघडविले ते ठाऊक असते.

याच कोलंबियात १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एक महाराष्ट्रीय विद्यार्थी दाखल झाला. भीमराव आंबेडकरांनी तेथे अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१५ साली एम. ए. ची पदवी मिळविली. पुलित्झरची शाळा त्याच आवारात नुकतीच सुरू झालेली होती. तिच्या वर्गात ते गेले नाहीत. पण ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे त्यांनी काढली, आणि कोलंबियाच्या अर्थशास्त्राने लावलेली आकड्यांची व पुराव्याची शिस्त त्यांच्या अग्रलेखांत पदोपदी दिसते. वृत्तपत्रविद्येचे उच्च शिक्षण म्हणजे केवळ बातमीचा मथळा कसा द्यावा याचे शिक्षण नव्हे, हे सांगावयास याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

हिंदुस्थानात या शिक्षणाचे पहिले प्रयत्न अडखळतच झाले. ॲनी बेझंट यांनी १९२० च्या सुमारास अड्यारच्या राष्ट्रीय विद्यापीठात हा विषय आणला. अलीगढ विद्यापीठाने १९३८ साली वर्ग उघडला, तो दोनच वर्षे टिकला. लाहोरास पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये पृथ्वीपाल सिंग यांनी चालविलेला विभाग मात्र चिवट निघाला. फाळणीत लाहोर गेले तेव्हा तो दिल्लीस आला आणि १९६२ मध्ये चंडीगढास गेला. निर्वासित माणसांच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या. हा निर्वासित वर्ग म्हणावयाचा.

मराठी मुलखात हा मान प्रथम नागपुरास मिळाला. तेथील हिस्लॉप कॉलेजात १९५२-५३ च्या वर्षी रोलंड वूल्सली या अमेरिकन प्राध्यापकाच्या हस्ते वृत्तपत्रविद्येचा विभाग उभा राहिला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते, ही गोष्ट आज पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्याच सुमारास न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली वृत्तपत्र आयोग बसला आणि १९५४ मध्ये त्याचा अहवाल आला. पत्रकारांच्या शिक्षणाचा प्रश्न त्यानेही विचारात घेतला होता. पुण्यास विद्यापीठाचा विभाग १९६४ साली रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाला, औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठात १९६८ मध्ये. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची. तिची एक शाखा पुढे अमरावतीस आली.

पुण्याच्या वर्गाचा आपल्याशी एक चमत्कारिक संबंध आहे. सोलापूर जिल्हा १९४९ पासून पुणे विद्यापीठाकडे होता. १९६२ च्या नोव्हेंबरात शिवाजी विद्यापीठ निघाले आणि आपला जिल्हा कोल्हापुरास जोडला गेला. पुण्यास वृत्तपत्रविद्येचे दार उघडले ते त्यानंतर दोन वर्षांनी! पदवी घेतलेला मुलगा अर्थात पुण्यास जाऊ शकत होता, आणि काही गेलेही असतील. पण खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे आणि पुन्हा एक वर्ष कमाई नाही, हा हिशेब माढा तालुक्यातील शेतकऱ्यास किंवा येथील रेल्वे कारखान्यातील कामगारास परवडणारा नव्हता. शिवाय हा अभ्यासक्रमही जरा विचित्रच असे. एक पदवी हातात असताना पुन्हा पदवीच घ्यावयाची, वकिली किंवा बी. एड.सारखी. वडील विचारीत, ‘बी. ए. झालास ना? मग आता आणखी कसला बी?’ त्यांना काय उत्तर द्यावे?

आणि उत्तर द्यावयाचे तर नोकरीचेही द्यावे लागते. १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला, तो मोठ्या चळवळीचे फळ होता. पण त्यात पत्रकार कोण, तर ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे तो, अशी व्याख्या होती. तालुक्याच्या गावी वार्ताहर कोण असतो? कोठे शाळामास्तर, कोठे वकील, कोठे किराणा दुकानदार, कोठे वर्तमानपत्रांचा विक्रेताच. त्याचा मुख्य व्यवसाय दुसरा, म्हणून तो त्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहिला. कित्येक ठिकाणी तर बातमीबरोबर जाहिरात आणून देणे हेच त्याचे खरे काम समजले जाते, आणि ज्या पुढाऱ्याकडून वाढदिवसाची जाहिरात आणावयाची त्याच्याच नगरपालिकेतील कारभाराची बातमीही त्यानेच द्यावयाची. या माणसास दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. ज्याला शिक्षण नाही, पगार नाही आणि कायद्याचे संरक्षण नाही, तरी ज्याच्या एका ओळीवर गावाची अब्रू अवलंबून आहे, असा दुसरा कोणता धंदा आपल्याकडे आहे?

येथल्या कारखान्यातील मंडळींना मी काय म्हणतो ते चटकन समजेल. फिटरला यंत्रावर एकटा सोडण्यापूर्वी त्याची उमेदवारी होते, कोणी जुना मिस्त्री त्याच्या हाताकडे पाहत उभा असतो. वार्ताहराच्या हाती मात्र पहिल्याच दिवशी लेखणी येते, आणि मिस्त्री ऐंशी किंवा दोनशे किलोमीटरांवर कचेरीत बसलेला असतो.

याचा अर्थ पदवीवाचून चांगले पत्र चालत नाही असा कोणी घेऊ नये. नगर जिल्ह्यात मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू केले आणि तरवडीसारख्या खेड्यातून ते अर्धशतकाहून अधिक काळ चालविले. विद्यापीठाचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. सत्यशोधक चळवळ हेच त्यांचे विद्यापीठ. पण मुकुंदराव एका पिढीत एकच होतो. आपल्याला तर दर तालुक्याला चार-दोन जाणती माणसे हवीत. आज कायदेच एवढे झाले आहेत की नुसत्या तळमळीवर भागत नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याखाली अर्ज कसा करावा हे कळले की नगरपालिकेच्या खर्चाचे कागद मागता येतात. अब्रुनुकसानीचे कलम तर आमच्या डोळ्यांदेखत बदलले. जुन्या दंड विधानातील ४९९ वे कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे ३५६ वे आले. अंदाजपत्रक वाचता येणे, पाण्याच्या पाळीचे आकडे पडताळणे, न्यायालयाचा निकाल आणि पोलिसांचे म्हणणे यांतील फरक जाणणे, हे सारे शिकावेच लागते.

सोलापुरास स्वतंत्र विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी झाले. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ म्हणून तेव्हा काहींनी नाके मुरडली. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. तेथे जनसंज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. कुर्डुवाडीचा मुलगा किंवा मुलगी सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी जेवावयास येऊ शकते. १९६४ च्या मानाने ही फार मोठी सोय झाली. मुलीच्या बाबतीत तर अनेक घरांतून ती सोयच निर्णायक ठरते, हे आपण सारे जाणतो.

मात्र एक मागणी या विद्यापीठाकडे आपण हक्काने करावयास हवी. एम. ए. च्या विद्यार्थ्यास प्रबंधिका लिहावी लागते. तिचे विषय दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांवर बेतण्यापेक्षा सोलापूरच्या पत्रांवर का असू नयेत? या जिल्ह्याचा इतिहास वृत्तपत्रांनी भरलेला आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना त्या कायद्याखाली शिक्षा झाली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर त्यांचे नाव आपण दरवर्षी घेतो. ते पत्रकार होते हे कितीजणांना ठाऊक असते?

रा. गो. कानडे यांनी १९३८ मध्ये आणि रा. के. लेले यांनी १९८४ मध्ये मराठी पत्रांचे मोठे इतिहास लिहिले. सबंध महाराष्ट्राचा पट मांडताना जिल्ह्याच्या साप्ताहिकाच्या वाट्यास परिच्छेद-दोन परिच्छेद येणार, हे ओघानेच आले. उरलेले काम जिल्ह्यातल्याच माणसाने करावयाचे आहे, आणि त्याला वेळ थोडा आहे. वर्तमानपत्राचा कागद हलका. पन्नास-साठ वर्षांत तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो, आणि मग वाळवीस किंवा रद्दीवाल्यास जातो. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर, वाड्याच्या कोनाड्यात किंवा वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या स्थानिक पत्रांचे गठ्ठे असतील, तर ते या उन्हाळ्यात खाली उतरवावेत, वर्षवार लावावेत आणि कोणते अंक आहेत याची एक साधी यादी वाचनालयाच्या चिटणीसांकडे द्यावी. जूनमध्ये विद्यापीठाचे वर्ग सुरू होतील तेव्हा ती यादी तेथे पोहोचलेली असावी.