कैद्यांचे मळे आणि डोंगरावरचे ऋतुमान

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे शब्द रोजच्या बोलण्यातले. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढ्याहून बुलढाण्याला घाट चढून गेले, की हवेतला फरक अंगाला कळतो. उंचीने हवा बदलते, हे खरे. पण डोंगरावर काय लावावे आणि केव्हा लावावे, हेही एकटी उंचीच ठरवते का? याचे उत्तर महाबळेश्वरच्या बागांच्या इतिहासात सापडते.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याकडून, वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात, महाबळेश्वर मिळवले. हवा खायला येणाऱ्या साहेबांना ताजी भाजी हवी होती. ती पिकवली चिनी आणि मलायी कैद्यांनी. त्यांच्यासाठी इथे तुरुंग होता. त्यांनी रस्ते बांधले, मळे राखले, बटाटा आणि विलायती भाज्या पिकवल्या. १८६४ मध्ये हा तुरुंग बंद झाला.

महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. थंडी आहेच, पण बागाइतीचा खरा धनी पाऊस. वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या पाण्यात कोवळे रोप कुजते, माती वाहून जाते. हिमालयातला माळी बर्फ वितळण्याची वाट पाहतो. सह्याद्रीतला माळी पाऊस ओसरण्याची.

आजची स्ट्रॉबेरी याच हिशेबावर उभी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यांवर रोपे लागतात. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या, की कळ्या धरतात. नोव्हेंबरअखेरीस फळ हाती येते आणि ऊन तापेपर्यंत तोडणी चालते. दोन पावसाळ्यांच्या मधल्या अवधीत नेमके बसते, म्हणून हे परदेशी पीक इथले झाले.

२०१० मध्ये या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. माल्कमचे नाव तर पूर्वीच पेठेला लागले होते. या डोंगरावर भाजीचे मळे फुलवणाऱ्या कैद्यांच्या वाट्याला ‘चायनामन्स फॉल’ हे एका धबधब्याचे नाव आले. त्यातही माणसाचे नाव नाही, फक्त देशाचे आहे.