फुफ्फुस प्रत्यारोपण : तपासणीला नेमके कधी जायचे?

ऑक्सिजन चोवीस तास लागेपर्यंत थांबू नका. तपासणीला गेले म्हणजे ऑपरेशन ठरले असे नसते

उल्हासनगर / अंबरनाथ / बदलापूर : फुफ्फुसे कायमची खराब झालेल्या काही रुग्णांसाठी प्रत्यारोपण हा शेवटचा उपाय असतो. पण शेवटचा उपाय म्हणजे अगदी शेवटच्या दिवसांत करायचा, असा अर्थ घेतला जातो आणि तिथेच गाडी सुटते. रुग्ण अंथरुणाला खिळला, वजन उतरले, व्हेंटिलेटर लागला की मग धावपळ सुरू होते. तोवर शरीरात एवढे मोठे ऑपरेशन सोसण्याची ताकद उरलेली नसते.

म्हणून डॉक्टर दोन गोष्टी वेगळ्या धरतात. एक म्हणजे प्रत्यारोपण केंद्रात पाठवून तपासणी करणे. दुसरी म्हणजे प्रतीक्षा यादीत नाव घालणे. तपासणी लवकर करायची असते, नाव घालायची वेळ नंतर येते. तपासणी होऊनही ‘अजून गरज नाही, सहा महिन्यांनी या’ असे सांगून अनेकांना घरी पाठवतात. ते चांगलेच, कारण पुढे तब्येत ढासळली तर केंद्राकडे रुग्णाची फाइल तयार असते.

आपल्या भागात कोणाला हा प्रश्न पडू शकतो?

पहिला गट सीओपीडीचा, म्हणजे वर्षानुवर्षे बिडी-सिगारेट ओढलेले किंवा चुलीच्या धुरात आयुष्य गेलेले. वांगणी-मुळगावकडच्या पाड्यांवर बिडीला हात न लावलेल्या बायकांनाही हा आजार होऊ शकतो, त्याचे कारण चूल.

दुसरा गट फुफ्फुसे कडक होण्याचा, ज्याला डॉक्टर आयएलडी किंवा फायब्रोसिस म्हणतात. कोरडा खोकला, जिना चढताना धाप आणि स्टेथोस्कोप लावल्यावर पाठीत खालच्या बाजूला चरचर आवाज, ही त्याची खूण. देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांत १,०८४ रुग्णांची नोंद करून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्या रुग्णांना ॲलर्जीतून होणारा प्रकार निघाला. कबुतरांची विष्ठा आणि पिसे, कूलरमधली बुरशी, कोंबड्यांची शेड, भिजून कुजलेला पेंढा अशा गोष्टींतून हा प्रकार होतो. पोल्ट्रीवाले आणि गुरांसाठी पेंढ्याची उडवी रचणारे शेतकरी, दोघांनीही हे लक्षात ठेवावे. कारण सापडले आणि त्यापासून लांब राहिले तर आजार रोखता येतो. मग प्रत्यारोपणाची वेळच येत नाही.

तिसरा गट दगडखाणी, क्रशर, काच आणि वाळूच्या धुळीत काम केलेल्यांचा. त्यांना सिलिकोसिस होतो. हा आजार औषधाने परतत नाही. कायद्यानुसार त्याची नोंद सरकारला कळवावी लागते.

जून २०२१ मध्ये बदलापुरात आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये एमआयडीसीतल्या वायुगळतीने लोकांना त्रास झाला होता. अशा एका घटनेने डोळे चुरचुरले, खोकला आला म्हणून कोणी प्रत्यारोपणाच्या रांगेत जात नाही. पण आधीच फुफ्फुसाचा आजार असेल आणि त्यानंतर दम कमी झालाच नाही, तर छातीरोगतज्ज्ञाला दाखवावे.

टीबी झालेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. टीबी चालू असेल तर आधी त्याचा पूर्ण कोर्स. टीबीने छाती आतून चिकटून गेली असेल तर ऑपरेशन अवघड होते. तरी निर्णय केंद्रालाच घेऊ द्यावा.

वेळ आली आहे, हे कशावरून ओळखायचे?

छाती-फुफ्फुस तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये नियम ठरवून दिले आहेत. ढोबळ हिशोब असा : प्रत्यारोपण न केल्यास दोन वर्षांत जीव जाण्याचा धोका निम्म्याहून जास्त असेल आणि ऑपरेशननंतर पाच वर्षे जगण्याची शक्यता चांगली असेल, तर त्या रुग्णाचा विचार होतो. आजारानुसार खुणा बदलतात.

फायब्रोसिस : यात सगळ्यात जास्त घाई हवी. कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये निदानानंतरचे आयुष्य सरासरी तीन ते पाच वर्षे असते. म्हणून सीटी स्कॅनमध्ये या प्रकारचा फायब्रोसिस दिसला की लगेच केंद्राचा सल्ला घ्यावा. पीएफटी म्हणजे फुंकण्याच्या तपासणीत एफव्हीसी ८० टक्क्यांखाली किंवा डीएलसीओ ४० टक्क्यांखाली असेल, किंवा चालताना पहिल्यांदा ऑक्सिजन लागला, तर अजिबात थांबू नये. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब या गोळ्यांनी आजाराचा वेग मंदावतो, कडक झालेले फुफ्फुस मात्र मऊ होत नाही. ‘गोळ्या चालू आहेत, बघू पुढे’ म्हणत वर्ष घालवू नये.

सीओपीडी : हा हळू वाढतो, त्यामुळे घाई कमी. डॉक्टर वजन, फुंकर, धाप आणि सहा मिनिटांचे चालणे यावरून ० ते १० असा बोड गुण काढतात. ५-६ गुण असून तब्येत वारंवार बिघडत असेल, किंवा एफईव्ही-१ हा आकडा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास आला असेल, तर तपासणीला पाठवतात. ७ च्या पुढे यादीत नाव घालण्याचा विचार होतो. धाप वाढून ॲडमिट व्हावे लागले आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, तर ती मोठी धोक्याची घंटा.

सिस्टिक फायब्रोसिस, ब्रॉन्किएक्टेसिस : एफईव्ही-१ हा ३० टक्क्यांखाली, वारंवार ॲडमिट होणे, खोकल्यातून बरेच रक्त पडणे, वजन उतरत जाणे. लहान मुलांसाठी ही मर्यादा ४० टक्के धरतात.

फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब : औषधांचा पूर्ण डोस घेऊनही पायावर सूज, चक्कर, चार पावलांत धाप असेल तर लगेच विचारावे.

घरच्या घरी एक नोंद ठेवता येते. महिन्यातून एकदा त्याच सपाट रस्त्यावर, त्याच वेगाने, कोणाला तरी सोबत घेऊन चालावे आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा वहीत लिहावा. आकडा ८८ च्या खाली गेला, किंवा गेल्या वेळी जिथवर चाललो तिथवर आता पोचता येत नसेल, तर वही घेऊन डॉक्टरकडे जावे. ज्यांना बसल्या जागी ऑक्सिजन लागतो त्यांनी हा प्रयोग एकट्याने करू नये.

तपासणीत काय काय होते?

काही तपासण्या फुफ्फुसाच्या : पीएफटी, सीटी स्कॅन, रक्तातल्या वायूंची तपासणी, सहा मिनिटे चालणे. बाकी अंगाच्या : हृदयाचा टू-डी इको आणि कॅथेटर, मूत्रपिंड, यकृत, हाडांची घनता, दात, पोट, कावीळ आणि एचआयव्हीची रक्ततपासणी, टीबी, कॅन्सर. सोबत आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक घरच्यांशी बोलतात. औषधे वेळेवर कोण देणार, रुग्णासोबत दोन-तीन महिने कोण राहणार, घरात स्वच्छ खोली आहे का, हे सगळे विचारतात. या प्रश्नांचा राग मानू नये. ऑपरेशननंतरचे दिवस या उत्तरांवरच अवलंबून असतात.

तंबाखू, बिडी, मिश्री चालू असेल तर बहुतेक केंद्रे नाव घालत नाहीत; सोडून काही महिने झाल्याचा पुरावा रक्त-लघवीतून तपासतात. नुकताच झालेला कॅन्सर, खूप जास्त किंवा खूप कमी वजन, चालू असलेला टीबी, औषधे मध्येच सोडण्याची सवय या गोष्टी आड येतात. वय ६५ च्या पुढे असेल तर धोका वाढतो, पण नोंदणीसाठी असलेली ६५ वर्षांची अट केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढून टाकली. त्याच वेळी रहिवासी दाखल्याची अटही गेली. ठाणे जिल्ह्यातला रुग्ण चेन्नईतही नाव नोंदवू शकतो.

यातल्या बऱ्याच अडचणी दूर होण्यासारख्या असतात. वजन वाढवता येते, तंबाखू सुटतो, दात काढून घेता येतात, स्टेरॉइडचा डोस डॉक्टर हळूहळू कमी करतात. पण त्याला महिने लागतात. लवकर जायचे ते एवढ्यासाठी.

जायचे कुठे?

सुरुवात जवळच्या रुग्णालयातून करा : उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय. तिथून कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा मुंबईतले केईएम, सायन, जेजे, नायर येथील छातीरोग विभागाची चिठ्ठी घ्यावी. विमा कार्ड असलेल्या कामगाराने ईएसआयसीच्या डॉक्टरकडून रेफर करून घ्यावे, नाहीतर पुढे खर्चाचा दावा अडकतो.

गिरगावचे सर एच. एन. रिलायन्स फाउंडेशन रुग्णालय, परळचे ग्लेनईगल्स आणि पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय येथे फुफ्फुस प्रत्यारोपण झालेले आहे. देशात सगळ्यात जास्त अनुभव चेन्नईच्या केंद्रांकडे आहे. डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९९ मध्ये तिथेच हृदय आणि फुफ्फुस एकत्र बसवण्याचे ऑपरेशन केले होते.

जाताना जुने सगळे एक्स-रे, सीटीची सीडी, पीएफटीचे कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत. डॉक्टरला सरळ विचारावे : ‘माझा आजार प्रत्यारोपणाच्या तपासणीला पाठवण्याच्या टप्प्यावर आला आहे का? नसेल तर कोणता आकडा झाला की पाठवाल?’

फुफ्फुस मिळते कसे?

मेंदू मृत झालेल्या व्यक्तीच्या घरच्यांनी दान केले तरच. मुंबई भागात वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र म्हणजे झेडटीसीसी करते. रक्तगट आणि छातीचे माप जुळावे लागते. काढलेले फुफ्फुस साधारण सहा तासांत बसवावे लागते, म्हणून फोन आला की रुग्णाने तासाभराच्या हिशोबात निघायला हवे. बदलापूरहून मध्यरात्री लोकल नसते. गाडी, चालक आणि प्रवासापुरता ऑक्सिजन आधीच ठरवून ठेवावा.

पैसे देऊन लवकर नंबर लावतो, असे सांगणारा दलाल भेटला तर पोलिसांत जावे. अवयवांची विक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर त्याला १० वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

खर्च आणि मदत

खासगी रुग्णालयात खर्च २५-३० लाखांच्या पुढे जातो, शिवाय आयुष्यभराच्या गोळ्या. पैशांची जुळवाजुळव हेही लवकर जाण्याचे एक कारण आहे.

– महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे कवच आहे. त्यापुढच्या महागड्या उपचारांसाठी राज्याने २०२५ मध्ये राखीव निधीचा निर्णय घेतला असून त्यात फुफ्फुस प्रत्यारोपण येते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा.
– मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीच्या यादीत फुफ्फुस प्रत्यारोपण आहे.
– धर्मादाय रुग्णालयांत वार्षिक १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतच्यांसाठी १० टक्के खाटा सवलतीत राखीव असतात. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवा.
– अवयवदानाची माहिती १८००११४७७० या ‘नोटो’च्या मोफत क्रमांकावर मिळते.

नको म्हणण्याचाही हक्क आहे

प्रत्यारोपण केले म्हणजे सगळे पूर्वीसारखे होते असे नाही. जगभरच्या नोंदींनुसार ऑपरेशननंतर निम्मे रुग्ण साधारण साडेसहा वर्षांहून जास्त जगतात, निम्मे त्याआधी जातात. शरीराने नवे फुफ्फुस नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात, त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मळणी, पेंढा, गोठा, कोंबड्यांची शेड यांपासून लांब राहावे लागते. शेतकऱ्याच्या घरात हा बदल लहान नाही, पण त्या बदल्यात ऑक्सिजनच्या नळीशिवाय चालता येणे, नातवाला शाळेत सोडता येणे हेही लहान नाही.

तपासणी झाल्यावर रुग्ण नाही म्हणू शकतो. यादीत नाव घातल्यावरही नाही म्हणू शकतो. मग धाप कमी करणारी औषधे, ऑक्सिजन, फिजिओथेरपी असे उपचार चालूच राहतात. फक्त हा निर्णय रुग्ण स्वतः बोलू-चालू शकतो तेव्हा, घरच्यांसमोर बसून झाला पाहिजे. आयसीयूच्या दाराबाहेर तो भाऊबंदांना घ्यावा लागू नये.

एकदम धाप वाढली, ओठ निळे पडले, खोकल्यातून रक्त आले किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर या कशाचाही विचार न करता १०८ ला फोन करून आधी जवळचे रुग्णालय गाठावे.