गाडी आधी की गेटमन?

आजची गोष्ट एका छोट्या माणसाची आहे. उंची साधारण दोन सेंटिमीटर. तो माझ्या मॉडेल रेल्वेच्या फाटकाशेजारी एका गुमटीत राहतो, आणि गाडी यायची असली की बाहेर येतो. त्याला नीट बाहेर आणि नीट आत न्यायला मला सात महिने लागले. पण हा माणूस आला कुठून, ते आधी बघू.

सुरुवात न्यूयॉर्कमध्ये, १९०० च्या सुमारास. जोशुआ लायोनेल कोवेन नावाचा एक खटपट्या तरुण होता. त्याच्याकडे छोट्या विजेच्या पंख्याची मोटर पडून होती. ती त्याने एका लाकडी उघड्या डब्याला जोडली आणि ते प्रकरण रुळावर गोल फिरायला लावलं. हे काही खेळणं म्हणून बनवलं नव्हतं. कोर्टलँड स्ट्रीटवरच्या रॉबर्ट इंगरसोलच्या दुकानात, काचेमागे माल मांडून लोकांचं लक्ष वेधायला ते होतं. हकीकत अशी सांगतात की लोक आत आले आणि माल सोडून तो डबाच मागायला लागले. थोडक्यात, लायोनेल कंपनीची पहिली गाडी हाच एक हलता देखावा होता.

मग गाडी फिरायला लागली, पण आजूबाजूचं गाव निर्जीवच. १९३५ मध्ये लायोनेलने ४५ नंबरचा 'ऑटोमॅटिक गेटमन' काढला. गाडी आली की गुमटीचं दार उघडतं, हातात कंदील घेतलेला माणूस बाहेर येतो, आणि गाडी गेली की परत आत. यात मोटर नाही, सोलेनॉइड आहे. म्हणजे तारेची गुंडाळी. वीज आली की ती आतला लोखंडी दांडा खेचते. स्विच बहुधा रुळाखालीच असे. गाडीच्या वजनाने तो दाबला गेला की सर्किट पूर्ण. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर गाडी हा इव्हेंट, गेटमन हा रिस्पॉन्स. ट्रान्झिस्टरचा शोधही लागला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट!

१९४७ मध्ये लायोनेलने दुधाचा डबा आणला. बटण दाबलं की पांढऱ्या कपड्यातला माणूस फलाटावर दुधाचा कॅन ठेवतो. तो तुफान खपला. त्यातली गंमत मला बटणाची वाटते. आता गाव पोराच्या सांगण्यावरून हलत होतं.

तिकडे जर्मनीत फालर कंपनीने १९८९ मध्ये कार सिस्टिम काढली. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली पोलादी तार, गाडीच्या पुढच्या चाकांना जोडलेलं चुंबक, आणि पोटात बॅटरी आणि मोटर. गाडी तारेमागून वळत जाते. याच कल्पनेवर हॅम्बुर्गच्या मिनिएतूर वुंडरलँडने कळस चढवला. ब्राउन बंधूंनी २००१ मध्ये ते सुरू केलं. तिथल्या क्नुफिंगेन नावाच्या काल्पनिक गावात आग लागते, आणि कॉम्प्युटर अग्निशमनाच्या गाड्या निळे दिवे लावून पाठवतो. आधी आग, मग बंब. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. शाळेची सहल तिथे गेली होती, आणि माझं वेड तिथलंच.

आता माझ्या घरी या. आठ बाय चारचा प्लायवूड, त्यावर एचओ मापाचे रूळ, म्हणजे १:८७. फाटक करायचंच होतं, कारण माझे आजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, भुसावळ विभागात गेटमन होते. त्यांचं फाटक आता नाही. तिथे खालून रस्ता काढला आहे. त्या फाटकाचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

मी लायोनेलचीच नक्कल केली. फाटकाजवळ इन्फ्रारेड सेन्सर, दोन सर्व्हो मोटरी, एक फाटकाला, एक माणसाला, आणि जोडायला सायकलच्या स्पोकची तार. सर्व्हो फटकन फिरतो, म्हणून कोडमध्ये एकेक अंश हलवून मध्ये ४० मिलिसेकंद थांबलो. नव्वद अंशाला ३.६ सेकंद. फाटक अगदी खऱ्यासारखं खाली यायला लागलं. खूश होऊन आप्पांना दाखवलं.

आप्पांनी बघितलं आणि म्हणाले, "अरे, गाडी आल्यावर हा बाहेर आला तर माणसं मेली ना!"

मग त्यांनी सांगितलं. स्टेशन मास्तरचा फोन येतो. फाटक बंद करून कुलूप लावायचं, मग त्यांना प्रायव्हेट नंबर द्यायचा. त्यानंतरच सिग्नल पडतो. म्हणजे गाडीमुळे गेटमन बाहेर येत नाही. गेटमनने काम केलं म्हणून गाडी येते. आपण खेळण्यात कारण आणि परिणाम उलटे लावले होते.

गणित केलं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे या मापात सेकंदाला साधारण १३ सेंटिमीटर. सेन्सर एक मीटर आधी लावला, आठ सेकंद मिळाले. माणूस बाहेर ठेवायला २० सेकंदांचा टायमर. चार डब्यांच्या गाडीला झकास! दिवाळीत आठ डबे जोडले, तर तीन डबे जायचे असतानाच माणूस आत आणि फाटक वर.

आप्पा समोरच बसले होते. "शेवटच्या डब्याची पाटी बघितल्याशिवाय आत जायचं नाही," एवढंच म्हणाले. गाडी तुटून मागचे डबे राहिले तर ते कळायला दुसरं कोण असतं तिथे?

आणि हे लायोनेलच्या त्या गेटमनने बरोबर केलं होतं. रुळावर वजन आहे तोवर तो बाहेरच. त्याची सुरुवात चुकली होती, माझा शेवट चुकला. आता फाटकापुढे दुसरा सेन्सर आहे. सलग दोन सेकंद रूळ मोकळा दिसल्याशिवाय माणूस हलत नाही, नाहीतर दोन डब्यांमधली फट त्याला फसवते.

गेल्या आठवड्यात आप्पांनी परत बघितलं. आठ डबे, आठही गेले, मग माणूस आत. ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "परत सोड गाडी." तीनदा सोडली.

पुढच्या भागात भेटू. तुमच्या घरी कोणी गेटमन, पॉइंट्समन, खलाशी असेल, तर आजच त्यांना कामाचा क्रम विचारून घ्या.